पेजेसोबत बदकाचं खारं अंडं

उकड्या तांदळाच्या पेजेसोबत भाजलेला सुका बांगडा, खारातली कैरी नाहीतर लोणच्याची फोड, हे कोकणातलं ठरलेलं तोंडीलावणं. चीनमध्येही तांदळाची पेज खातात आणि तिच्यासोबत बदकाचं खारवलेलं अंडं. तिथलं गाओयू आणि इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं ब्रेबेस ही गावं याच अंड्यांसाठी ओळखली जातात. लागतं काय, तर बदकाची अंडी, जाडं मीठ आणि पाणी. ज्या घरात कैऱ्या खारात घालतात, त्या घराला निम्मं काम आधीच येतं.

10 अंड्यांना 1 लिटर पाणी आणि 300 ग्रॅम मीठ पुरतं. मिठागरातल्या मिठात माती असते, म्हणून पाणी उकळून मीठ विरघळवावं, फडक्यातून गाळावं आणि पूर्ण गार होऊ द्यावं. बदक चिखलात अंडी घालतं, तेव्हा अंडी धुवायलाच हवीत, पण कोमट पाण्याने. गार पाण्यात अंडं आतून आकसतं आणि कवचाच्या छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. धुऊन सावलीत वाळवा, मग दोन अंडी हलकेच एकमेकांवर वाजवून बघा. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे तडा. तडा गेलेलं एक अंडं सगळी बरणी नासवतं.

बरणी 2 लिटरची, काचेची किंवा चिनी मातीची घ्यावी. धातूच्या भांड्याला मीठ खाऊन टाकतं. अंडी रचून खार ओतला की ती वर तरंगतात. साध्या पाण्यात तरंगणारं अंडं शिळं, हे खरं. पण इतका तीव्र खार ताज्या अंड्यापेक्षाही जड असतो, म्हणून इथे तरंगणं साहजिकच आहे. मात्र पाण्याबाहेर राहिलेला भाग खारत नाही. वर छोटी बशी दाबून ठेवा, किंवा खारच भरलेली पिशवी ठेवा. पिशवीत साधं पाणी नको. ती गळली तर खार पातळ होतो.

आता आत काय घडतं ते. मीठ कवचाच्या छिद्रांतून आणि आतल्या पापुद्र्यांतून पांढऱ्यात उतरतं आणि बलकातलं पाणी बाहेर खेचायला लागतं. पांढरं पातळ होत जातं, बलक कडेकडून आत घट्ट होतो. बलकातली चरबी प्रथिनांना धरून बारीक कणांच्या रूपात पसरलेली असते. पाणी घटलं आणि मीठ वाढलं की ही बांधणी मोडते, चरबी सुटी होते. उकडलेलं अंडं कापल्यावर सुरीला लागणारं केशरी तेल आणि जिभेवर येणारा रवाळपणा, दोन्ही त्यातूनच. कोंबडीच्या अंड्यात बलक लहान, चरबीही कमी. ते खारतं, पण इतकं तेल सुटत नाही.

म्हणजे खरी शर्यत बलक आणि पांढऱ्यात आहे. बलक तयार व्हायच्या आत पांढरं खारट होतंच, फक्त ते हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही. कोकणातल्या उष्म्यात 3 आठवड्यांनी एक अंडं काढून अंधारात टॉर्चवर धरा. पांढरं स्वच्छ आणि बलक एका बाजूला लाल-केशरी गोळ्यासारखा दिसला तर फोडून पाहा. मधोमध अजून पातळ असेल तर आणखी आठवडाभर थांबा. सगळं अंडं गढूळ दिसलं किंवा वास आला तर टाकून द्या. तयार झालेली अंडी खारात ठेवू नका. काढून, पुसून फ्रिजमध्ये ठेवा.

कच्चं खाऊ नका, कारण साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिठाने मरेलच असं नाही. गार पाण्यात घालून उकळी आल्यावर 12 मिनिटं उकडा आणि लगेच थंड पाण्यात टाका. जास्त उकडलं तर बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांची ती खूण. खायला हरकत नसते, पण रंग बिघडतो.

पेजेला एका माणसामागे अर्धं अंडं भरपूर झालं, आणि पेजेत वेगळं मीठ नको. रक्तदाब असेल त्यांनी पांढरं सोडून थोडासा बलकच घ्यावा. उरलेलं पांढरं बिनमिठाच्या भुर्जीत बारीक चिरून जातं. बलक मात्र कुस्करून तेलात फेस येईपर्यंत परता आणि त्यात तळलेली कोळंबी घोळवा.