हवा छाती फुगवत नाही

श्वास घेतला की हवा आत शिरते आणि तिच्या जोरानं छाती फुगते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. क्रम नेमका उलटा आहे. आधी छाती मोठी होते, मग हवा आत येते.

फुफ्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. त्यासाठी लागणारे स्नायूच त्यांच्यात नाहीत. राबतं ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा. ते आकसून खाली सरकतं, फासळ्यांमधले स्नायू फासळ्या वर उचलतात. छातीबरोबर फुफ्फुसंही ओढली जातात, त्यांच्यातला दाब किंचित उतरतो आणि हवा आत येते. किंचित म्हणजे किती? शांत श्वासात जेमतेम १ सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका! निवांत असताना श्वास सोडायला तर स्नायूंची गरजच नसते. ताणलेली फुफ्फुसं आपसूक आकसतात.

मग मेहनत जाते कुठे? फुफ्फुसांच्या लवचीक ऊती ताणण्यात, हे उत्तर अर्धंच खरं. १९२९ मध्ये शास्त्रज्ञ कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी फुफ्फुसं हवेऐवजी द्रवानं भरून पाहिली, तर ती फुगवायला दाब कितीतरी कमी लागला. म्हणजे मोठा अडसर वायुकोशांतल्या (फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांतल्या) ओलसर थराच्या पृष्ठताणाचा. हवा लागते तिथे हा थर आकसू पाहतो; द्रव भरला की तो ताणच उरत नाही. एरवी हा ताण कमी ठेवणारा स्निग्ध पदार्थ तिथल्याच पेशी तयार करतात. खूप आधी जन्मलेल्या बाळांत तो अनेकदा पुरेसा नसतो, म्हणून त्यांना श्वास जड जातो. हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. आता तो पदार्थ नळीवाटे थेट अशा बाळांच्या फुफ्फुसांत सोडतात.