‘इज’ की ‘आर’? रक्कम, संख्या आणि इंग्रजी क्रियापद
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सोसायटीचे इतिवृत्त, बँकेला द्यायचे पत्र, संस्थेचा वार्षिक अहवाल, परदेशी विद्यापीठासाठीचे निवेदन: आमच्याकडे इंग्रजी तपासणीसाठी येणाऱ्या बहुतेक कागदांवर एक दुरुस्ती हमखास होते. ‘आर’च्या जागी ‘इज’, नाहीतर उलट. मग ग्राहक विचारतात, ‘रुपीज अनेकवचनी आहे ना, मग इज का केलंत?’ प्रश्न रास्त आहे. काउंटरवर गर्दी असताना नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

पैसे, अंतर, वेळ

आपण म्हणतो, ‘दहा हजार रुपये येणे आहेत.’ तेच इंग्रजीत उतरवताना ‘टेन थाउजंड रुपीज आर ड्यू’ असे लिहिले जाते. इंग्रजी मात्र इथे रुपये मोजत नाही, सगळी मिळून एक रक्कम धरते. म्हणून ‘टेन थाउजंड रुपीज इज ड्यू’. अंतराचेही तसेच: ‘फिफ्टीन किलोमीटर्स इज टू फार टू वॉक’. पण शंभराच्या दहा नोटा गहाळ झाल्या, तर त्या सुट्या वस्तू आहेत. तिथे ‘नोट्स आर मिसिंग’च येणार.

वेळेच्या बाबतीत थोडे सांभाळा. ‘सिक्स मंथ्स इज अ लाँग टाइम’ यात सहा महिन्यांचा अख्खा काळ डोळ्यांपुढे आहे. ‘सिक्स मंथ्स हॅव पास्ट’ यात महिने एकामागून एक सरले आहेत, म्हणून सहसा ‘हॅव’. शब्द तेच, पाहण्याची रीत वेगळी. आणि आपल्या ‘दीड महिना’मुळे फसू नका. मराठीत दीडपर्यंत एकवचन चालते, त्यापुढे ‘महिने’ होतात. इंग्रजीत दीडलाही ‘वन अँड अ हाफ मंथ्स’ लिहावे लागते, पण पुढे काळ म्हणून ‘इज’.

निम्मे, दोन तृतीयांश, टक्के

इथे मराठी कानावर खुशाल विसंबा. ‘निम्मे काम झाले’, ‘निम्मे कामगार आले’, ‘निम्मी जमीन पडीक आहे’: क्रियापद कामाकडे, कामगारांकडे, जमिनीकडे पाहून ठरते, निम्म्याकडे पाहून नाही. इंग्रजीतही तेच. ‘टू-थर्ड्स ऑफ द फंड हॅज बीन स्पेंट’, पण ‘टू-थर्ड्स ऑफ द मेंबर्स वेअर प्रेझेंट’. ‘फॉर्टी पर्सेंट ऑफ द लँड इज’, ‘फॉर्टी पर्सेंट ऑफ द फार्मर्स आर’. ‘मोस्ट ऑफ’, ‘सम ऑफ’, ‘अ लॉट ऑफ’ ही मंडळी याच पंगतीतली. इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवांनी एवढे लक्षात ठेवावे, की ‘अ टू-थर्ड्स मेजॉरिटी इज रिक्वायर्ड’ यात ‘मेजॉरिटी’ हाच कर्ता आहे, म्हणून ‘इज’.

‘अ नंबर’ आणि ‘द नंबर’

सर्वात जास्त लाल शाई इथे खर्ची पडते. ‘अ नंबर ऑफ मेंबर्स’ म्हणजे बरेच सभासद. बरेच सभासद ‘आले’, म्हणून ‘वेअर’. ‘द नंबर ऑफ मेंबर्स’ म्हणजे सभासदांची संख्या. संख्या ‘वाढली’, म्हणून ‘हॅज इन्क्रीज्ड’. अडलात तर वाक्य आधी मराठीत म्हणून पाहा, ‘बरेच’ आले की ‘संख्या’ आली ते लगेच कळते. ‘टोटल’चेही असेच: ‘अ टोटल ऑफ ट्वेंटी फ्लॅट्स आर व्हेकंट’, पण ‘द टोटल इज ट्वेंटी’. ‘ॲन अमाउंट ऑफ’ मात्र, मागे कितीही रुपये असोत, एकवचनीच: ‘हॅज बीन क्रेडिटेड’.

‘वन ऑफ’

‘वन ऑफ अवर डायरेक्टर्स इज अब्रॉड.’ परदेशी गेलेला एकच आहे, म्हणून ‘इज’. जवळच्या ‘डायरेक्टर्स’कडे पाहून ‘आर’ लिहिण्याचा मोह होतो, तो टाळा. उलट बाजूची चूक त्याहून सर्रास दिसते: ‘वन ऑफ माय फ्रेंड’. अनेकांतला एक म्हणायचे, तर आधी अनेक हवेत, म्हणजे ‘फ्रेंड्स’. ‘ईच ऑफ’लाही ‘इज’च लावा.

‘मोर दॅन वन पर्सन इज’ हे ऐकायला विचित्र आहे. एकाहून अधिक माणसे, तरी एकवचन! तर्क शोधत बसू नका, रूढी आहे. ‘नन ऑफ देम’पुढे दोन्ही चालते. जुन्या वळणाचे शिक्षक ‘इज’चाच आग्रह धरतात, पण चांगल्या इंग्रजीत ‘आर’ही शतकानुशतके लिहिले गेले आहे. त्यामुळे तुम्ही जे लिहिले असेल, त्याला आम्ही हात लावत नाही.

घाईत असाल आणि काहीच सुचत नसेल, तर वाक्य ‘विल’, ‘कॅन’ किंवा ‘हॅड’ने फिरवा. तिथे एकवचन-अनेकवचनाचा प्रश्नच उरत नाही. पळवाट आहे, पण सभ्य आहे.

मजकूर देताना

कागद कोणत्या देशात जाणार, ते आधी सांगा. ‘कमिटी’, ‘टीम’, ‘स्टाफ’ यांच्यापुढे ब्रिटनमध्ये ‘आर’ही सहज लिहितात, अमेरिकेत बहुधा ‘इज’. तुम्ही काही सांगितले नाहीत, तर आम्ही ‘इज’ ठेवतो आणि साऱ्या मजकुरात तेच पाळतो. आकडे मात्र तुमचे तुम्हीच तपासून द्या; ते आम्ही बदलत नाही.