हूक आणि लिवेनहूक: पेशी नेमकी कुणाच्या नावावर?

दोघांच्या नावात हूक, दोघांच्या हातात सूक्ष्मदर्शक आणि दोघंही सतराव्या शतकातले. शाळेत मी एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊन एक मार्क घालवला होता. पेशी हूकने पाहिली, हे उत्तर बरोबर धरतात. पण त्याने पाहिलं काय, हे पेपरात कुणी विचारत नाही.

रॉबर्ट हूक लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेत प्रयोग करून दाखवायच्या कामावर होता. त्याने चाकूने बुचाचा अगदी पातळ काप काढला. काप पांढुरका म्हणून तो काळ्या तबकडीवर ठेवला, भिंगाने त्यावर उजेड टाकला आणि वरून पाहिलं, तर मधाच्या पोळ्यासारखी घरंच घरं! त्या घरांना त्याने 'सेल' म्हटलं. एवढ्यावर न थांबता हिशेबही मांडला: एका घनइंचात सव्वाशे कोटींहून जास्त. १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया' या त्याच्या पुस्तकात हे सगळं आहे. मात्र बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्यात उरल्या होत्या त्या नुसत्या भिंती; राहणारे केव्हाच गेलेले.

राहणारे सापडले ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या एका कापडव्यापाऱ्याला. आंतोनी व्हान लिवेनहूक विद्यापीठात गेला नव्हता, त्याला लॅटिन येत नव्हतं. रॉयल सोसायटीला तो डच भाषेतच पत्रं लिहायचा. १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात त्याला हलणारे जीव दिसले. मग मिरं तिखट का लागतं, याचा छडा लावायला त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. काही आठवड्यांनी त्या पाण्यात वळवळणारे इतके बारीक जीव निघाले, की ते जिवाणू होते असं आज मानतात. तिखटपणाचं कोडं तसंच राहिलं.

खरी गंमत उपकरणांत आहे. हूकचं यंत्र दिमाखदार: लांब नळी, एकापेक्षा जास्त भिंगं. पण त्या काळच्या भिंगांत दोष फार. एकाचा धूसरपणा दुसरं आणखी वाढवायचं, कडांना रंग फुटायचे. त्यामुळे मजल साधारण पन्नास पटीपर्यंत. लिवेनहूकचं यंत्र तळहातात मावेल एवढं: धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये मण्यासारखं एकच भिंग, समोर टाचणीच्या टोकावर नमुना. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवूनच पाहायचं. त्याच्या उरलेल्या यंत्रांपैकी एक २६६ पट मोठं दाखवतं. साधं ते कमी ताकदीचं, हा आपला समज इथे सपशेल आपटतो.

आणि हूकला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. काच वितळवून एकच बारीक भिंग कसं करायचं, हे त्याने 'मायक्रोग्राफिया'च्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. फक्त असं भिंग वापरणं त्याला जिकिरीचं वाटायचं. पुढे डोळ्यांना त्रास होतो अशीही त्याची तक्रार होती.

डेल्फ्टहून मिरीच्या पाण्याचं पत्र आलं तेव्हा सोसायटीतल्या लोकांचा विश्वास बसेना. पडताळणीचं काम आलं हूककडेच. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. अखेर १५ नोव्हेंबर १६७७ रोजी त्याने मिरीच्या पाण्यातले ते जीव सभासदांना दाखवले.