सीमाभागातला वाद आणि मोबाइलवरचं पहिलं उत्तर

१४ डिसेंबर २०२२ ला केंद्रीय गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवलं. आदल्याच आठवड्यात बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटचे ट्रक फोडले गेले होते आणि एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणी दावे करायचे नाहीत आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी एकत्र बसायचं, असं बैठकीत ठरलं. त्यासोबत आणखी एक गोष्ट जाहीर झाली, जिच्याकडे तेव्हा फारसं लक्ष गेलं नाही. मोठ्या नेत्यांच्या नावाने चालणाऱ्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद भडकवला, त्यांच्यावर गुन्हे नोंदवायचे.

बेळगावसह सीमेवरचा मराठी भाग कोणत्या राज्यात असावा, हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा प्रश्न. त्यावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल झाला, २००४ पासून खटला न्यायालयात आहे. एवढ्या जुन्या, एवढ्या कागदपत्रांच्या वादात खोट्या खात्यावरच्या चार ओळी माणसांना रस्त्यावर आणू शकत असतील, तर त्या चार ओळी वाचताना आपल्या डोक्यात काय होतं हे समजून घेतलंच पाहिजे. सीमाप्रश्नावर माझं मत पक्कं आहे आणि ते मवाळ करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण आपली बाजू मांडताना शेजारच्या कन्नड माणसाशी बोलणंच तुटत असेल, तर त्यात आपलंही नुकसान आहे.

सुरुवात आपल्याच भागातून करू. १९७१ मध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निबंधात त्या गावाचं नाव कुपवार असं आहे. तिथले जैन आणि लिंगायत घरात कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, आणखी काही समाज मराठी. कित्येक पिढ्या एकत्र राहिल्यामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यायचं. तरीही घरची भाषा कोणी सोडली नव्हती. दोन वेगळ्या समाजांतली माणसं भेटली की बोलणं बहुधा मराठीत व्हायचं, कारण गावातल्या दोन्ही मोठ्या गटांपैकी कुणाच्याच घरची ती भाषा नव्हती. खानापूर, चिकोडी किंवा संकेश्वरच्या आठवडी बाजारात जो वाढला आहे त्याला यात काही नवल वाटणार नाही. भाव करताना अर्धं वाक्य मराठीत, अर्धं कन्नडमध्ये होतं आणि कुणाचा अपमान होत नाही.

याच गम्पर्झ यांनी पुढे लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहातला तंटा तपासला. तिथे वाढायला भारतीय आणि पाकिस्तानी बायका होत्या आणि त्या उर्मट आहेत अशी जेवणाऱ्यांची तक्रार होती. त्या बायकांना वाटत होतं की आपल्याशी दुजाभाव होतो. गम्पर्झ यांनी बोलणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा दिसलं की ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द दोन तऱ्हांनी उच्चारला जात होता. इंग्रज वाढपी शेवटी सूर चढवत, म्हणजे ‘वाढू का?’ असं विचारत. या बायका सूर उतरवत, आणि त्यांच्या भाषेच्या सवयीप्रमाणे तसं विचारणं अगदी साधं होतं. इंग्रज कानांना मात्र ते ‘ही घे ग्रेव्ही, घ्यायची तर घे’ असं ऐकू यायचं. दोन्ही गटांना एकत्र बसवून ते ऐकवल्यावर ताण बराच उतरला. सुराच्या चढ-उतारासारख्या अशा बारीक खुणांवरून आपण समोरच्याचा हेतू ओळखतो, आणि संस्कृती बदलली की खुणाही बदलतात, हे गम्पर्झ यांचं सर्वांत मोठं योगदान.

मोबाइलच्या पडद्यावर त्या खुणा जवळजवळ संपलेल्याच असतात. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना काही वाक्यं ईमेलने पाठवायला लावली, काही गंभीरपणे लिहिलेली आणि काही उपहासाने. आपला सूर वाचणाऱ्याला पाचांतल्या चार वेळा तरी बरोबर कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात निम्म्यांहून थोड्याच जास्त वेळा तो कळला, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा फार वेगळं काही नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा आवाज वाजत असतो आणि वाचणाऱ्यालाही तोच ऐकू येतो असं तो गृहीत धरतो.

हे मराठी-मराठीतही घडतं. बेळगावच्या गल्लीतलं ‘काय रे, काय करायलास?’ हे मायेचं बोलणं पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नुसतं टाइप करून पाठवा, कोणी तरी दुखावतंच. मग वाचणारा कन्नड असेल, मराठी त्याची तिसरी भाषा असेल आणि विषय दुकानाच्या पाटीवरच्या साठ टक्के कन्नडच्या सक्तीचा असेल, तर गैरसमजाला किती वाव आहे बघा.

दुसरी अडचण ज्याच्या-त्याच्या मनःस्थितीची. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना सोपी चाचणी दिली, काहींना मुद्दाम डोकं उठवणारी. मग सगळ्यांना एक बातमी वाचून मत लिहायला सांगितलं. काहींना बातमीखाली आधीच्या साध्या प्रतिक्रिया दिसत होत्या, काहींना शिवराळ. सोपी चाचणी आणि साध्या प्रतिक्रिया मिळालेल्यांपैकी ३५ टक्के लोकांनी त्रासदायक मजकूर लिहिला. चाचणीही वाईट आणि प्रतिक्रियाही वाईट असल्यावर हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला. एका वृत्तसंस्थेच्या खऱ्या प्रतिक्रिया तपासल्यावर असंही दिसलं की रात्री उशिरा आणि सोमवारी लोक जास्त खवळलेले असतात. तो माणूस मुळातच वाईट, हा आपला लाडका निष्कर्ष या प्रयोगापुढे टिकत नाही. बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्रीत रात्रपाळी करून आलेला एखादा चांगला माणूस, ज्याच्या ग्रुपवर आधीच चार शिव्या पडल्या आहेत, तो पाचवी शिवी लिहू शकतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी अमेरिका आणि डेन्मार्कमध्ये केलेल्या अभ्यासात (२०२२) उलट चित्र दिसलं: राजकीय चर्चेत ऑनलाइन आक्रमक असणारे लोक प्रत्यक्षातही तसेच वागतात. फरक एवढाच की चावडीवर ओरडणारा चार जणांना ऐकू जातो आणि ऑनलाइन तोच हजारोंना दिसतो. मला दोन्ही निष्कर्ष एकत्र पटतात. मूठभर लोक कायम भांडणाच्या तयारीत असतात आणि बाकीचे त्यांच्या मागे ओढले जातात. रेडिट या व्यासपीठाच्या २०१८ च्या एका अभ्यासात तर एक टक्क्याहूनही कमी समूहांनी ७४ टक्के भांडणं सुरू केली होती.

हे मूठभर लोक सगळ्यांचे प्रतिनिधी वाटायला लागतात, तिथे खरं नुकसान होतं. २०१७ मध्ये विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी लाखो ट्वीट तपासली. नैतिक भावना जागवणारा एकेक शब्द वाढला की मजकूर पसरण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. २०२३ मध्ये त्यांनीच ट्वीट केल्यावर पंधरा मिनिटांच्या आत लेखकांना संदेश पाठवून विचारलं की तुम्हाला आत्ता किती राग आला आहे. मग तीच ट्वीट दुसऱ्यांना दाखवून लेखकाच्या रागाचा अंदाज करायला सांगितला. वाचणाऱ्यांना राग प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटत होता. म्हणजे कन्नड पोस्ट वाचून ‘हे सगळे आपल्यावर जळतात’ असं जे वाटतं, त्यातला बराच भाग आपणच भरलेला असतो. आपल्या पोस्टबद्दल त्यांचंही तसंच होतं.

मग करायचं काय? २०१८ मध्ये कॉर्नेल आणि विकिमीडियाच्या संशोधकांनी विकिपीडियाच्या चर्चापानांवरचे संवाद घेतले. सुरुवात सभ्य असूनही काही संवाद पुढे वैयक्तिक हल्ल्यावर गेले होते, काही गेले नव्हते. बिघडलेल्या संवादांत सुरुवातीलाच थेट जाब विचारलेला असे किंवा वाक्याची सुरुवात ‘तुम्ही’ने केलेली असे. टिकलेल्या संवादांत नमस्कार, आभार आणि ‘मला वाटतं’, ‘बहुतेक’ असे शब्द आढळले. दोन वर्षांनंतर मायकेल योमन्स, ज्युलिया मिन्सन आणि सहकाऱ्यांनी हेच आणखी तपासलं. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मान्य करून मग स्वतःचं मांडणाऱ्या विकिपीडिया संपादकांवर पुढे कमी हल्ले झाले. त्यांनी मत सोडलं नव्हतं, मांडण्याची पद्धत बदलली होती.

आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ, कारण ते दर पावसाळ्यात येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा सगळ्याच नद्या फुगल्या. सांगली-कोल्हापूरला वाटलं, आलमट्टीत पाणी अडवून कर्नाटकाने आम्हाला बुडवलं. चिकोडी, रायबाग, अथणीच्या काठावरच्या लोकांना वाटलं, कोयनेतून पाणी सोडून महाराष्ट्राने आम्हाला बुडवलं. या दोन तक्रारींच्या मधोमध आपण राहतो, दोन्हीकडे आपले सोयरे आहेत. आता एका ग्रुपवर येतं, ‘तुम्ही लोक दरवाजे का उघडत नाही?’ यात बिघडणाऱ्या संवादाच्या दोन्ही खुणा आहेत, ‘तुम्ही’ही आणि जाबही. तीच चिंता अशी लिहिता येते: ‘नमस्कार. काठावरच्या गावांना भीती वाटते हे दोन्हीकडे खरं आहे. माझ्या माहितीप्रमाणे आलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे. आजची पातळी आणि राजापूर बंधाऱ्यावरून येणारा विसर्ग कोणाकडे असेल तर कृपया टाका.’ यात कोणाचाही दावा कमी झालेला नाही. पण उत्तरात शिवी देणं अवघड झालं आणि आकडा देणं सोपं झालं. पुराच्या रात्री तो आकडाच तर लागतो.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा प्रयोग न्यूयॉर्क विद्यापीठात केविन मंगर यांनी केला, २०१७ चा. ट्विटरवर कृष्णवर्णीयांना शिवीगाळ करणाऱ्या गोऱ्या पुरुषांना त्यांनी वेगवेगळ्या खात्यांतून एकच सौम्य संदेश पाठवला: अशा भाषेने खऱ्या माणसांना त्रास होतो, लक्षात ठेव. संदेश तोच, पण परिणाम स्पष्ट दिसला तो पाठवणारा गोरा असताना आणि त्याला पुष्कळ अनुयायी असताना. टोकणारा आपल्यापैकी आणि वजनदार असला, तरच ते आत शिरलं. सीमाभागात याचा अर्थ फार सरळ आहे. मराठी पोरगा कन्नड लोकांबद्दल काही वाईट लिहितो, तेव्हा कन्नड माणसाने हरकत घेतली तर आग वाढते. त्याला थांबवायचं काम त्याच्या तालमीतल्या वस्तादाने, मंडळाच्या अध्यक्षाने, मामाने करायचं, आणि लगेच करायचं. कन्नड बाजूला त्यांच्या वडीलधाऱ्यांनी. आपल्याकडे उलट घडतं. आपल्या माणसाच्या शिवीवर आपण अंगठा टाकतो किंवा गप्प बसतो, आणि त्यांच्या शिवीचा स्क्रीनशॉट फिरवतो. ही सवय मला फार खटकते, कारण ती मोडणं आपल्या हातात आहे.

नियम डोळ्यांसमोर ठेवण्याचाही उपयोग होतो. नेथन मॅटियस यांनी रेडिटवरच्या विज्ञानविषयक २,१९० चर्चांवर प्रयोग केला (२०१९). काही चर्चांच्या वर नियमांची ओळ कायम चिकटवलेली होती. तिथे नव्याने येणाऱ्यांचं नियम पाळण्याचं प्रमाण आठ टक्के बिंदूंहून अधिक वाढलं आणि त्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम लावले की लोक बोलायचे थांबतील, ही भीती इथे उलटी ठरली. लोकांना जागा सुरक्षित वाटली की जास्त जण बोलतात, आणि त्यात बायकाही असाव्यात अशी माझी इच्छा आहे, कारण आमच्या तालुक्यांच्या ग्रुपवर वाद तापला की सगळ्यात आधी त्याच गप्प होतात.

काही वेळा माणसांना समजावण्यापेक्षा वेग कमी करणं सोपं असतं. अफवांमुळे झालेल्या हत्यांनंतर जुलै २०१८ मध्ये वॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं.

ग्रुपच्या ॲडमिनच्या हातातही वेगाची कळ आहे. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग रात्री दहाला चालू करून सकाळी सातला बंद करता येते. आपल्याकडे तापणारे दिवस कॅलेंडरवर आधीच दिसतात: १ नोव्हेंबर (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस), १७ जानेवारी (सीमाप्रश्नाचा हुतात्मा दिन) आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. त्या आठवड्यांआधीच ॲडमिनमध्ये एक कन्नड आणि एक मराठी वडीलधारा माणूस घ्यावा, दोन्ही भाषांत तीन ओळींचे नियम वर चिकटवावेत, नेत्याच्या नावाचा मजकूर त्याच्या अधिकृत खात्यावर सापडल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही ही त्यातली पहिली ओळ असावी, आणि कोणाच्या पोराला कोण टोकणार हेही त्याच वेळी ठरवून घ्यावं.