वेगळी चूल मांडलेली डॉक्टरीण

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या अमेरिकी हॉस्पिटल-मालिकेचा चौथा सीझन सरस की तिच्यातून निघालेली ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’, हा जुना वाद बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरात भाचीने नव्याने उकरून काढला. ती मेडिकलला आहे. दोन्ही मालिका तिने सलग बघितल्या आणि म्हणाली, “मामा, अ‍ॅडिसन गेली आणि दोन्हीकडचं बिघडलं.” अ‍ॅडिसन म्हणजे ‘ग्रेज’ सोडून ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ची नायिका झालेली डॉक्टरीण. भाचीचं म्हणणं मला निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्यासाठी २००७ साल नीट बघावं लागतं.

शोंडा राइम्स यांची ‘ग्रेज’ मार्च २००५ मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली. सिएटलमधलं शिकाऊ सर्जनांचं हॉस्पिटल. पहिल्या सीझनच्या अगदी शेवटच्या दृश्यात नायिका मेरेडिथच्या प्रियकराची, डॉ. डेरेकची, बायको म्हणून अ‍ॅडिसन येते. नायिकेच्या संसाराआड आलेली बाई म्हणून खरं तर प्रेक्षकांनी तिचा राग करायचा. पण केट वॉल्शने ती अशी उभी केली की तिच्याविषयी माया वाटू लागली. ३ मे २००७ ला ‘ग्रेज’च्याच दोन तासांच्या भागात ती लॉस एंजेलिसला मैत्रिणीकडे जाते. नव्या मालिकेची ती चाचणी होती. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका दिवसाच्या अंतराने, ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ आणि ‘ग्रेज’चा चौथा सीझन सुरू झाले.

आणि ५ नोव्हेंबरला हॉलिवूडच्या लेखकांनी संप पुकारला. तो फेब्रुवारीपर्यंत चालला. ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’चा पहिला सीझन नऊ भागांतच आटोपला, ‘ग्रेज’चा सतरावर. नवं घर अजून सारवून व्हायचं होतं, तोवर काम थांबलं. या नऊ भागांवरून त्या मालिकेची पारख करणं मला अन्यायाचं वाटतं.

मूळ अडचण मात्र संपाच्याही आधीची आहे, आणि ती बेळगावच्या माणसाला फोड करून सांगावी लागत नाही. १९६३ साली इथे केएलई या शिक्षणसंस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज निघालं, पुढे सिव्हिलला ‘बिम्स’ या सरकारी मेडिकल कॉलेजची जोड मिळाली. खानापूर, निपाणी, पलीकडच्या चंदगडहूनसुद्धा पेशंट येतात. वॉर्डात कानडी आणि मराठी एकदमच कानावर पडते. मोठे डॉक्टर राउंडला निघाले की मागे ज्युनिअरांची रांग. परीक्षा, रात्रपाळी, कुणाला ऑपरेशनला उभं राहायला मिळालं, कुणाला नाही. अशा जागी गोष्ट शोधावी लागत नाही. शहापूर-वडगावातल्या घरच्या डॉक्टरांचं तसं नसतं. तीन पिढ्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ असतात. तिथली गोष्ट सावकाश, विश्वासाच्या धाग्याने पुढे सरकते. अ‍ॅडिसनला सांता मोनिकाच्या दवाखान्यात नेऊन लेखिकेने ही दुसरी वाट धरली, पण सुरुवातीला वेग मात्र पहिल्या वाटेचाच ठेवला. भाचीला जे खटकलं ते हेच, असं मला वाटतं. इकडे ‘ग्रेज’मध्ये इंटर्न पुढच्या पायरीवर, रेसिडेंट झाले होते, एकटा जॉर्ज नापास होऊन मागे राहिला होता आणि मेरेडिथची सावत्र बहीण लेक्सी नवी शिकाऊ म्हणून आली होती. शिकणाऱ्यांची नवी तुकडी आली की हॉस्पिटलची मालिका पुन्हा तरुण होते.

आपल्याकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टार वनवर ‘दिल मिल गये’ आली, ‘संजीवनी’ या आधीच्या हॉस्पिटल-मालिकेची शाखा. तिने मोठी डॉक्टर बाहेर पाठवली नाही. हॉस्पिटल तेच, डॉ. शशांक गुप्ता तेच, आणि त्यांच्या हाताखाली नवे इंटर्न. हा मार्ग सोपा होता आणि तिला तो लाभला. २०१० पर्यंत ती चालली.

‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ला सूर सापडायला वेळ लागला. २००९ मध्ये अ‍ॅडिसनच्या भावाच्या मेंदूत परजीवी आढळतात आणि त्याला घेऊन ती डेरेककडे सिएटलला धावते. दोन मालिकांची तुलना करायचीच असेल तर ती या भागांपासून करावी. दोन्ही घरांची माणसं इथे एका टेबलाशी उभी आहेत. त्यानंतरच्या वर्षी डेरेकची धाकटी बहीण अमेलिया दवाखान्यात आली. २०१३ च्या जानेवारीत ‘प्रायव्हेट प्रॅक्टिस’ संपली, आणि पुढच्याच वर्षी अमेलिया सिएटलच्या हॉस्पिटलात, थोरल्या घरी, राहायला आली.