लहान बांध्याची मांसल गुरे : पैदास आणि वंशपारख

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांची उंची आणि प्रौढ वजन जाणीवपूर्वक कमी ठेवणारी पैदास, आणि त्यासाठी केली जाणारी वळू व गायींच्या वंशाची तपासणी. लो-लाइन अँगस, मिनिएचर हेरफर्ड आणि डेक्स्टर ही या गटातली सर्वांत परिचित गुरे. तिन्ही बुटकी, पण त्यांच्या बुटकेपणाची कारणे सारखी नाहीत. ती ओळखल्याशिवाय केलेली निवड कळपाला पिढ्यान्‌पिढ्या भोवते. म्हणून या पैदाशीत मोजपट्टीच्या आधी वंशावळ हातात घ्यावी लागते.

बांध्याचे मोजमाप : वजन चाऱ्यानुसार आणि गाभणपणानुसार वरखाली होते. हाडांची उंची त्या मानाने स्थिर असते. त्यामुळे पुठ्ठ्याच्या हाडावरची उंची आणि वय यांच्या कोष्टकावरून जनावराला बांध्याचा अंक दिला जातो. अमेरिकेतील बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशनचे कोष्टक सर्वाधिक वापरात आहे. त्यात एका अंकाचा फरक म्हणजे उंचीत सुमारे ५ सेंटिमीटरचा फरक. १ ते ३ अंकांची जनावरे लहान बांध्याची समजली जातात. मिनिएचर गुरे १च्याही खाली जातात. जनावर वाढत गेले तरी त्याचा अंक फारसा बदलत नाही, म्हणून वर्षाच्या वासरावरून प्रौढ उंचीचा चांगला अंदाज येतो. मात्र उपासमारीत वाढलेले वासरूही खुजे दिसते. त्याच कळपातल्या, त्याच हंगामात जन्मलेल्या वासरांशी तुलना केलेली नसेल तर एकट्या अंकाला फारसा अर्थ नाही.

लहानपणाचे दोन प्रकार : पहिल्या प्रकारात असंख्य जनुकांचे छोटे छोटे परिणाम एकत्र येतात. पीएलएजी१ हे जनुक आणि एनसीएपीजी-एलसीओआरएल हा गुणसूत्रावरचा भाग यांचा गुरांच्या उंचीशी असलेला संबंध पक्का झालेला आहे, पण उंची त्यांच्या एकट्यावर ठरत नाही. अशी जनावरे सर्व अंगांनी प्रमाणात लहान असतात. उंचीची आनुवंशिकता, म्हणजे गुण पुढच्या पिढीत उतरण्याचे प्रमाण, चांगली असल्यामुळे निवडीला लवकर फळ येते.

दुसरा प्रकार एकाच जनुकातील दोषाचा. आयर्लंडच्या डेक्स्टर जातीत कूर्चेच्या वाढीशी संबंधित एसीएएन जनुकातील बदलाची एक प्रत असलेले जनावर आखूड पायांचे पण धडधाकट असते. दोन प्रती आल्या तर चपट्या तोंडाचे, विकृत हाडांचे ‘बुलडॉग’ वासरू तयार होते आणि बहुधा मुदतीआधीच मृतावस्थेत पडते. दोन आखूड पायांची जनावरे एकत्र आणली तर दर चार गर्भांत सरासरी एक असा निघतो. वाहकाचा, म्हणजे दोषाची एकच प्रत बाळगणाऱ्या जनावराचा, संयोग दोषमुक्त जनावराशी केला तर बुलडॉग वासरू होत नाही. निम्मी वासरे आखूड पायांची आणि निम्मी सामान्य निघतात. २००७मध्ये या बदलाची ओळख पटली आणि डीएनए चाचणी उपलब्ध झाली. त्यानंतर न तपासता दोन वाहकांचा संयोग करण्याला कोणतेही समर्थन उरलेले नाही. गाईला नाहक त्रास होतो आणि वेत वाया जाते. याच जातीत फुप्फुसांची वाढ खुंटवून गर्भाला सूज आणणारा आणखी एक अप्रभावी (दोन प्रती आल्या तरच प्रकट होणारा) दोष आढळतो. त्याचा वाहक डोळ्यांनी ओळखूच येत नाही, त्यामुळे तेथे चाचणीशिवाय मार्ग नाही.

इतिहास : १९४०च्या दशकात अमेरिकेच्या प्रदर्शनांत बुटक्या, रुंद, जमिनीलगत अंगलोटीच्या हेरफर्ड आणि अँगस वळूंना बक्षिसे मिळू लागली. त्याच काळात कळपांत ‘स्नॉर्टर’ बुटकी वासरे दिसू लागली : आखूड डोके, पुढे आलेला जबडा, फुगलेले पोट, घरघरणारा श्वास. बहुतेक लहानपणीच मरत. हा दोष अप्रभावी होता. वाहक जनावरे किंचित अधिक आटोपशीर दिसत आणि परीक्षकांनी नकळत त्यांचीच निवड केली, असे मानले जाते.

डीएनए चाचणी तेव्हा नव्हती. डोक्याची ठेवण मोजून वाहक ओळखण्याचे प्रयत्न झाले, मणक्यांचे क्ष-किरण चित्र काढून पाहिले गेले, पण भरवशाचा मार्ग एकच होता : वळूची संतती पाहणे. ठाऊक असलेल्या वाहक गायींपासून वळूची १६ वासरे निरोगी निघाली तर तो वाहक असण्याची शंका जवळजवळ मिटते, कारण वाहक वळूकडून असे घडण्याची शक्यता सुमारे १ टक्का असते. त्याच्याच मुलींवर चाचणी घ्यायची तर त्याच खात्रीसाठी ३५ वासरे लागतात, कारण मुलींपैकी निम्म्याच वाहक असतात. इतका खर्च थोड्यांनाच परवडणारा होता. बाकीच्यांनी वंशावळीत एखादे संशयित नाव दिसले की सारा वंश कापायला धाडला. त्यात निर्दोष जनावरांचाही बळी गेला आणि चांगले गुण हरवले. १९६०-७०च्या दशकांत शारोले, सिमेंटल यांसारख्या युरोपीय जाती पसरल्या आणि आवड दुसऱ्या टोकाला, उंच गुरांकडे, गेली.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँगी संशोधन केंद्राची कथा याहून वेगळी आहे. तेथील अँगस कळप १९२९ साली कॅनडातून आणलेल्या जनावरांवर उभा राहिला आणि १९६४पासून त्यात बाहेरचे रक्त घेणे थांबले. १९७४मध्ये त्याचे तीन गट केले : वेगाने वाढणाऱ्यांचा, सावकाश वाढणाऱ्यांचा आणि तुलनेसाठी निवडीविना ठेवलेल्यांचा. निवड उंचीवर नव्हतीच, वाढीच्या वेगावर होती. सुमारे १५ वर्षांत सावकाश गटातली जनावरे वेगवान गटापेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी लहान झाली, आणि तीही सुडौल, बुटकेपणाच्या दोषाविना. हीच लो-लाइन. १९९२पासून ती लिलावाने पशुपालकांकडे गेली.

वंशाची पारख : लो-लाइनचे शुद्ध रक्त याच एका कळपातून आलेले आहे, त्यामुळे कागदावर चार वेगळे वंश दिसले तरी मागे गेल्यावर ते एकाच ठिकाणी मिळतात. तीन पिढ्यांची वंशावळ येथे पुरत नाही. अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९२२मध्ये मांडलेला अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे जवळच्या नात्यातील संयोगाचे माप, याच कामाचा आहे : बाप-लेकीच्या संयोगातून झालेल्या वासरात तो २५ टक्के, सावत्र भाऊ-बहिणीच्या संयोगात १२.५ टक्के येतो. गुणांक चढला की सर्वांत आधी फटका बसतो तो गाभण राहण्याला आणि वासरे जगण्याला. अंतःप्रजननाने वजनही थोडे घटते, आणि हे लहानपण फसवे असते. वेगळ्या रक्ताचा वळू लावताच ते पुसले जाते. लहान वासराचा गुणांक मोठा दिसला तर तेवढ्यासाठी तरी खरेदीदाराने थांबावे.

तरीही बंद वंश म्हणजे वाईट वंश नव्हे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील माइल्स सिटी येथे १९३४ साली दोन सावत्र भाऊ असलेल्या वळूंवर सुरू झालेला ‘लाइन १’ हेरफर्ड कळप दशकानुदशके बंद राहिला आणि त्या जातीवर त्याची खोल छाप पडली. त्यामागे होती प्रत्येक जनावराची नोंद आणि निर्दय छाटणी. नोंदीविना तीच पद्धत दोष साठवत जाते.

गाजलेल्या एकाच वळूवर विसंबण्याचा धोका अँगस जातीत २००८मध्ये दिसला. वाकड्या, ताठर सांध्यांच्या मृत वासरांचा माग जीएआर प्रिसिजन १६८० या लोकप्रिय वळूच्या वंशापर्यंत गेला. कृत्रिम रेतनामुळे त्याची संतती दूरवर पसरलेली होती. पण यावेळी चाचणी लवकर हाती आली आणि दोषमुक्त ठरलेली संतती कळपांत राहू शकली. स्नॉर्टरच्या काळात नेमकी हीच संधी नव्हती.

वळूइतकीच आईची बाजू महत्त्वाची आहे आणि ती नेहमी दुर्लक्षित राहते. एका गायीच्या मुली व नाती दोन वर्षांच्या वयात व्याल्या का, दरवर्षी गाभण राहिल्या का, अडल्या का, त्यांची कास व खूर दहाव्या वर्षी कसे होते, ही माहिती बक्षिसाच्या फितीपेक्षा कितीतरी मोलाची. प्रजननक्षमतेची आनुवंशिकता कमी असल्यामुळे एका जनावराच्या कामगिरीवरून फारसे कळत नाही, सारे कुटुंब पाहावे लागते. जेथे नोंदी पुरेशा आहेत तेथे अनुमानित प्रजनन मूल्य (जनावर आपल्या संततीला कोणते गुण देईल याचा नोंदींवरून काढलेला अंदाज) हे काम अधिक नेटके करते. लहान कळपांच्या जातींत त्याची विश्वसनीयता कमी असते, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

चारा आणि उत्पन्न : लहान गाय कमी खाते, पण वजनाच्या प्रमाणात कमी नव्हे. पशुपोषणाचे अभ्यासक मॅक्स क्लायबर यांच्या नियमानुसार शरीर टिकवण्याची ऊर्जा वजनाच्या ०.७५ घातांकाने बदलते. ४०० किलोची गाय ६०० किलोच्या गायीच्या ६७ टक्के वजनाची असली तरी तिची गरज सुमारे ७४ टक्के असते. तिचे वासरू आईपासून तोडताना मोठ्या गायीच्या वासराच्या तीन-चतुर्थांश वजनाचे भरले, तरच त्याच कुरणातून तितकेच उत्पन्न निघते. लहान बांध्याचा खरा फायदा कोरड्या हंगामात दिसतो. मोठी गाय गरज न भागल्याने भाकड राहते, तेव्हा लहान गाय अंग धरून असते. शिवाय लहान बांध्याचा वळू मोठ्या जातीच्या पहिलारू कालवडींना लावला की वासरे हलकी येतात आणि अडण्याचे प्रमाण घटते. लो-लाइन वळूंना मागणी आहे ती मुख्यतः या कामासाठी. कापणीचा खर्च दर जनावरामागे जवळपास सारखाच येतो आणि मोठे मांस-कारखाने ठरावीक वजनाचेच धड घेतात, त्यामुळे शुद्ध लहान जनावरांचे मांस बहुधा थेट ग्राहकाला अर्ध्या किंवा पूर्ण धडाच्या हिशेबाने विकले जाते.