ऊर्जा व्यापार आणि आर्थिक सुरक्षा

खनिज तेल, नैसर्गिक वायू, कोळसा व वीज यांच्या आयात-निर्यातीचा देशाच्या आर्थिक स्थैर्यावर होणारा परिणाम. इंधन महागले की वाहतूक, खते, सिमेंट, पोलाद सारेच महागते. आयातीचे बिल फुगते, चालू खात्यातील तूट (व्यापार व सेवांपोटी देशाबाहेर जाणारा पैसा येणाऱ्या पैशापेक्षा जास्त असणे) वाढते, चलन घसरते आणि त्या घसरणीमुळे तेच इंधन आणखी महाग पडते. यंत्रांची खरेदी वर्षभर पुढे ढकलता येते, इंधनाची नाही.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादकांनी अमेरिका, नेदरलँड्स आदी देशांचा पुरवठा रोखला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. या धक्क्यातून १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिच्या आयातदार सदस्यांना किमान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा राखावा लागतो.

आयात म्हणजेच असुरक्षितता, ही समजूत मात्र चुकीची आहे. विक्रेता बदलता येतो का, हा खरा प्रश्न. तेलाचे जहाज वाटेतून वळवता येते. वायूची नळवाहिनी जिथे पोचते तिथेच पोचते. लिथुआनियाला वायूसाठी रशियाच्या गॅझप्रोमशिवाय दुसरा विक्रेता नव्हता. २०१४ मध्ये तिथल्या क्लायपेडा बंदरात जहाजांतून आलेला द्रवरूप वायू उतरवून घेणारे तरंगते टर्मिनल आले. ते सुरू होण्याआधीच गॅझप्रोमने दर उतरवले! एप्रिल २०२२ मध्ये या छोट्या देशाने रशियन वायू घेणे थांबवले, तेव्हा बलाढ्य जर्मनीकडे असे एकही टर्मिनल नव्हते.

निर्यातदारही निर्धास्त नसतात. तेलाच्या डॉलरांनी चलन वधारते आणि इतर उद्योगांचा माल परदेशात महाग ठरतो. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचा वायू सापडल्यावर हे दिसले, म्हणून त्याला ‘डच रोग’ म्हणतात. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाचा पैसा वेगळ्या निधीत ठेवण्याची सोय केली आणि तो निधी परदेशात गुंतवला.

सौर पॅनेलच्या निर्मितीत आज चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. हेही अवलंबित्वच, पण निराळ्या जातीचे. तेल थांबले की वाहने थांबतात. पॅनेलची आयात थांबली तर नवे प्रकल्प रखडतात, छपरावर बसवलेले पॅनेल वीज देतच राहते.